नळी मिळते, अस्तर मिळत नाही

डायलिसिसवर असलेल्या माणसाचा जीव हातात असतो. बोलायची पद्धत म्हणून नाही, खरंच हातात. मनगटाजवळ किंवा कोपराच्या वर त्याची एक शीर शस्त्रक्रिया करून धमनीला जोडलेली असते. तिला फिस्टुला म्हणतात. आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, दर वेळी चार-चार तास, दोन जाड सुया तिथेच टोचायच्या. एकीतून रक्त मशीनकडे जातं, दुसरीतून साफ होऊन परत येतं. मशीनला मिनिटाला अडीचशे-तीनशे मिली रक्त लागतं. साध्या शिरेतून एवढं येत नाही, म्हणून तिला धमनीचा जोर द्यावा लागतो. ही वाट बंद पडली की मशीन असतं, टेक्निशियन असतो, योजनेचं कार्ड खिशात असतं, आणि तरी डायलिसिस होत नाही.

आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये डायलिसिस सेंटरचं उद्घाटन झालं की मशीन किती आणि बेड किती ते बॅनरवर येतं. शिरांबद्दल कोणी बोलत नाही. ही पोस्ट शिरांबद्दल आहे. लांब आहे, थोडं विज्ञानही आहे. पण घरात शुगर किंवा किडनीचा पेशंट असेल तर वाचाच.

निमित्त एका फॉरवर्डचं. "आता तुमच्याच रक्तातून नवी रक्तवाहिनी तयार!" माझ्या थोरल्या भावाला तो तीन जणांनी पाठवला. दादा २२ वर्षं भोसरीत लेथवर होता. आधी शुगर, मग किडनी. डायलिसिस सुरू व्हायच्या आधीच्या दोन वर्षांत पाच वेळा ॲडमिट झाला, आणि दर वेळी सलाइनची सुई कधी डाव्या हाताला, कधी उजव्या. कोपराच्या पुढच्या शिरा जळून दोरीसारख्या झाल्या. मनगटावर केलेला पहिला फिस्टुला फुललाच नाही. कोपरावरचा दुसरा चौदा महिने चालला. मग डॉक्टरांनी दंडात कृत्रिम नळी टाकली. ती सात महिन्यांत दोनदा गोठली. एकदा उघडली, दुसऱ्यांदा नाही. सध्या मानेतल्या कॅथेटरवर चाललंय आणि इन्फेक्शनच्या भीतीने वहिनी रोज थर्मामीटर घेऊन बसते.

तर दादाने तो फॉरवर्ड माझ्याकडे ढकलला आणि विचारलं, "तू नळ्यांच्याच कंपनीत आहेस ना? खरंय का रे हे?"

मी चाकणला होज बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. डॉक्टर नाही. पण नळी म्हणजे काय, ती का बाद होते, हे वीस वर्षं बघतोय. त्याला जे उत्तर दिलं तेच इथे सविस्तर लिहितोय. फॉरवर्ड अर्धा खरा आहे. कुठला अर्धा, ते समजून घेण्यासारखं आहे.

गाडीच्या इंधनाची नळी कापून बघितलीत तर तीन थर दिसतात. बाहेर रबराचं कव्हर, मध्ये विणलेली जाळी, आत पातळ लाइनर. दाब झेलते ती जाळी, ऊन-पाऊस झेलतं ते कव्हर. पण नळी चालणार की नाही हे ठरवतो लाइनर, कारण इंधनाशी गाठ त्याची असते. लाइनर सुटला की नळी बाद, बाहेरून कितीही चकाचक दिसू दे.

धमनीचंही तसंच आहे. तीन थर, आणि सगळ्यात आतलं अस्तर फक्त एका पेशीच्या जाडीचं. त्याला एंडोथेलियम म्हणतात. फरक इतकाच की आमचा लाइनर गप्प बसून असतो आणि हे अस्तर सतत काम करत असतं. ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं, त्याने नळी सैल राहते आणि प्लेटलेट चिकटत नाहीत. (हा वायू शरीरात निरोप्याचं काम करतो हे शोधणाऱ्या तिघांना १९९८ चं नोबेल मिळालं.) रक्त गोठवणारी साखळी आवरणारी प्रथिनंही याच पेशींच्या अंगावर असतात. आपलं रक्त हवेत, काचेवर, प्लास्टिकवर काही मिनिटांत गोठतं आणि अंगात मात्र साठ-सत्तर वर्षं वाहत राहतं, त्याचं मोठं श्रेय या अस्तराचं.

दादाच्या दंडात टाकलेली नळी होती ताणलेल्या टेफ्लॉनची. नळाला गळती लागू नये म्हणून प्लंबर जी पांढरी टेप गुंडाळतो, तीच जातकुळी. अमेरिकेत १९६९ मध्ये बॉब गोर यांनी तापवलेली टेफ्लॉनची कांडी हळूहळू न ताणता एकदम झटक्याने ओढली, आणि ती न तुटता लांब होऊन सच्छिद्र झाली. त्यातून रेनकोटचं कापडही निघालं आणि रक्तवाहिनीची नळीही. माल उत्तम आहे. कुजत नाही, गंजत नाही, शरीर त्याच्याशी फारसं भांडत नाही. पण आतून अस्तर नाही. रक्ताला कळतं की हे आपलं घर नव्हे.

नळी मोठी असेल तर हे खपून जातं. पोटातल्या महाधमनीत डॅक्रॉनच्या कापडाची नळी वर्षानुवर्षं चालते. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या आर्थर वूर्हीस यांनी कुत्र्यांच्या महाधमनीत कापडी नळ्या बसवून दाखवल्या. पुढे ह्यूस्टनच्या मायकेल डिबेकी यांनी डॅक्रॉनच्या पहिल्या नळ्या बायकोच्या शिलाई मशीनवर शिवल्या. तिथे व्यास मोठा, रक्ताचा वेग मोठा, कडेला थोडा गाळ बसला तरी चालतं. पण सहा मिलिमीटर किंवा त्याच्या आत आलं की प्रत्येक दशांश मिलिमीटरला किंमत येते. डायलिसिसची नळी साधारण सहाचीच असते. हृदयाच्या बायपासला लागणारी त्याहून बारीक. म्हणूनच बायपासला आजही पायातली शीर किंवा छातीतली धमनी काढूनच वापरतात.

मग शरीर स्वतः त्या नळीला अस्तर का लावत नाही? कुत्र्यात, मेंढीत लावतं. माणसात जोडाच्या दोन्ही टोकांकडून पेशी सरकत येतात आणि एक-दोन सेंटिमीटरवर थांबतात. मधला भाग वर्षानुवर्षं उघडाच राहतो.

इथून पुढे डॉक्टरांनी तोच विचार केला जो आमचा कोटिंगवाला करेल. आपोआप लागत नाही ना, मग बाहेर लावू आणि बसवू. १९७८ मध्ये माल्कम हेरिंग यांनी शिरेतून खरवडलेल्या पेशी कुत्र्यांच्या नळ्यांमध्ये पेरल्या. पण थोड्याच चिकटायच्या, आणि रक्ताचा प्रवाह सुरू झाला की त्यातल्याही कितीतरी धुऊन जायच्या. कोटिंगमध्ये ज्याला आम्ही ॲढेजन म्हणतो तीच रड. ऑस्ट्रियात व्हिएन्नाच्या गटाने मग घाई सोडली. रुग्णाच्या शिरेचा लहान तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवायच्या, टेफ्लॉनच्या नळीला आतून पूर्ण अस्तर लावायचं आणि मगच पायात बसवायची. १९९९ मध्ये त्यांनी १०० रुग्णांचा आणि नऊ वर्षांचा हिशोब मांडला. अस्तराच्या नळ्या बिनअस्तराच्या नळ्यांपेक्षा जास्त टिकल्या. म्हणजे तत्त्व खरं ठरलं, तेही माणसात.

पण यात एक अडचण होती. अस्तरासाठी शीर कापावी लागते. दादासारख्याची अडचणच मुळी शीर नसणं ही आहे.

इथे रक्त येतं. १९९७ मध्ये बॉस्टनमध्ये काम करणाऱ्या ताकायुकी असाहारा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आपल्या वाहत्या रक्तातच अशा पेशी असतात ज्यांच्यापासून रक्तवाहिनीचं अस्तर बनू शकतं. म्हणजे चिरफाड नाही, फक्त रक्ताचा नमुना. चार वर्षांनी बॉस्टनमध्येच संजय कौशल आणि सहकाऱ्यांनी मेंढ्यांवर पुढचा प्रयोग केला. डुकराची धमनी घेतली, तिच्यातल्या सगळ्या पेशी धुऊन काढल्या, नुसता सांगाडा ठेवला. मेंढीच्या रक्तातून पेशी काढून, वाढवून, आत अस्तर लावलं आणि ती नळी मेंढीच्या मानेतल्या धमनीत बसवली. बिनअस्तराच्या नळ्या १५ दिवसांत बंद पडल्या. अस्तराच्या नळ्या १३० दिवसांनीही वाहत होत्या. एवढंच नाही, त्या धमनीसारख्या आकसत आणि सैल होत होत्या.

आणि हे फक्त अमेरिकेत घडलं असं नाही. तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था तुमच्यातल्या अनेकांना हृदयाच्या झडपेमुळे माहीत असेल. चित्रा व्हॉल्व्ह डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णात बसला आणि त्यानंतर लाखाहून जास्त लोकांना लागला. त्याच संस्थेत लिसी कृष्णन यांच्या गटाने रक्तातून काढलेल्या या पेशी फायब्रिनच्या थरावर वाढवल्या आणि डॅक्रॉनच्या व टेफ्लॉनच्या नळ्यांवर त्यांचा थर चढवून दाखवला. ते काम २००६ मध्ये छापून आलं. फायब्रिन म्हणजे जखमेवर खपली धरते ते जाळं. म्हणजे रक्ताचाच गोंद आणि रक्ताच्याच पेशी. आमच्या भाषेत सांगायचं तर आधी प्रायमर मारला आणि मग कोट दिला.

हा झाला फॉरवर्डचा खरा अर्धा भाग. आता दुसरा अर्धा.

पहिली गोष्ट. रक्तातून जे निघतं ते सगळंच अस्तर नसतं. पहिल्या आठवड्यात भांड्यात ज्या पेशी दिसतात त्यातल्या बऱ्याचशा पांढऱ्या पेशींच्या जातीच्या निघाल्या. दिसायला अस्तरासारख्या, पण अस्तर बनत नाहीत. खऱ्या पेशींच्या वसाहती दोन-तीन आठवड्यांनी दिसू लागतात, आणि मोठ्या माणसाच्या रक्तात त्या मोजक्याच. हे उमगायला संशोधकांची बरीच वर्षं गेली.

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी आहे. ज्यांना शुगर आहे, ज्यांची किडनी गेलेली आहे, त्यांच्या रक्तात या पेशी आणखी कमी असतात आणि ज्या असतात त्या नीट वाढत नाहीत. वीस वर्षांच्या धडधाकट पोराच्या रक्तातून अस्तर छान निघेल, पण त्याला नळीची गरज नाही. ज्याला गरज आहे त्याच्याकडेच कच्चा माल कमी.

तिसरी गोष्ट माझ्या धंद्यातली. आमच्याकडे लॉट असतो पाच-दहा हजारांचा. त्यातून काही नळ्या काढून आम्ही दाब देऊन फोडतो, कापून लाइनर तपासतो, आणि मग बाकीचा लॉट पास करतो. रुग्णाच्या स्वतःच्या पेशींची नळी म्हणजे लॉट एकाचा. फोडून कुठली बघणार? सोबत वाढवलेला छोटा तुकडा तपासायचा आणि मूळ नळीवर विश्वास ठेवायचा. जंतू शिरला का, पेशी पुरेशा चिकटल्या का, मध्ये कुठे अस्तर सुटलं का, सगळं दर रुग्णाला नव्याने. रिजेक्ट झाली तर रुग्णाने पुन्हा रक्त द्यायचं आणि पुन्हा महिना-दीड महिना थांबायचं. डायलिसिसचा माणूस तोपर्यंत कॅथेटरवर. हे शास्त्र अडलंय ते कल्पनेपाशी नाही, उत्पादनापाशी अडलंय. जे प्रयोगशाळेत एकदा होतं ते शंभरदा तसंच होईल याची हमी, म्हणजे आपल्या पट्ट्यातला प्रत्येक सुपरवायझर रोज ज्यासाठी भांडतो, तेच.

म्हणून अमेरिकेत लॉरा निकलसन यांनी वेगळी वाट धरली. दात्याच्या पेशी विरघळणाऱ्या जाळीवर वाढवायच्या, त्यांनी नळीची भिंत विणली की पेशी धुऊन काढायच्या. उरते ती प्रथिनांची सहा मिलिमीटरची नळी. कोणालाही चालते, कपाटात ठेवता येते. ती बसवली की रुग्णाच्या स्वतःच्या पेशी हळूहळू तिच्यात राहायला येतात. म्हणजे अस्तर शेवटी रुग्णाच्याच शरीराने लावायचं, आपण फक्त त्याला आवडेल अशी भिंत द्यायची. या नळीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. मंजुरी आहे हात-पायांच्या धमनीच्या जखमांसाठी, जिथे रुग्णाची स्वतःची शीर वापरता येत नाही तिथे. डायलिसिससाठी चाचण्या झाल्या, पण ही मंजुरी त्यासाठी नाही. आणि नळी फाटण्याच्या धोक्याचा ठळक इशारा तिच्या माहितीपत्रकावरच छापलेला आहे.

हात-पायांची जखम म्हटलं की चाकणमधल्या माणसाला वेगळं काही सांगायला नको. प्रेसमध्ये चेचलेला हात, नाशिक रोडवर कंटेनरखाली आलेला पाय. धमनी तुटली की साधारण सहा तासांत रक्त पुन्हा चालू करावं लागतं, नाहीतर अवयव वाचणं कठीण. आंबेठाण चौकातून निघून, मोशी पार करून, वायसीएमपर्यंत पोहोचायला संध्याकाळच्या शिफ्ट सुटायच्या वेळी किती लागतं ते तुम्हीच सांगा. पोहोचल्यावर सर्जन दुसऱ्या पायातली शीर काढून जोडतात आणि बहुतेक वेळा तीच सगळ्यात चांगली ठरते. पण दोन्ही पाय चेचलेले असतील तर? शिरा आधीच खराब असतील तर? तेव्हा कपाटातून काढून लावता येईल अशी नळी म्हणजे हात राहणं आणि जाणं यातला फरक. म्हणजे हा विषय फक्त किडनीवाल्यांचा नाही, या पट्ट्यातल्या प्रत्येक कामगाराचा आहे.

आता काही जण म्हणतील, हे सगळं अमेरिकेचं, आपल्याला काय. त्यांना दोन गोष्टी सांगतो.

एक, पिंपरी हे गाव होतं तेव्हा, १९५४ मध्ये, इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने, सरकारी मालकीची. १९५५ पासून इथे पेनिसिलिन बनू लागलं. मोठ्या टाक्यांमध्ये, जंतुविरहित हवेत, जिवंत बुरशी वाढवून औषध काढणं तेव्हा आजच्या पेशी वाढवण्याइतकंच नवलाचं होतं. एचए कॉलनी आणि तिची झाडं आपण अजून बघतो. त्या भिंतींच्या आत काय धाडस झालं होतं ते विसरून गेलोय. ऑटो हब व्हायच्या आधी हे गाव जिवंत गोष्टी वाढवायला शिकलं होतं.

दोन, रुग्णाच्या रक्तातून पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यावर काम करून वाढवायच्या आणि त्यालाच परत द्यायच्या, ही गोष्ट महाराष्ट्रात होऊन गेलेली आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून रक्ताच्या कर्करोगावरची नेक्सकार-१९ ही उपचारपद्धती उभी राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली, एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते तिचं लोकार्पण झालं. तिथेही लॉट एकाचाच असतो. परदेशातल्या किमतीच्या सुमारे दहाव्या भागात ती दिली जाते. तरी स्वस्त नाही, पण जमतं हे सिद्ध झालं. अस्तराच्या पेशी वेगळ्या, त्यांचे प्रश्न वेगळे, हे मान्य. पण "आपल्याकडे होणारच नाही" हे वाक्य आता कोणी म्हणू नये.

पुण्यात गणेशखिंडीला राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, जिचं पॉलिमरवरचं काम नावाजलेलं आहे. पिंपरीत डी. वाय. पाटील विद्यापीठात रिजनरेटिव्ह मेडिसिनची प्रयोगशाळा आहे. आणि भोसरीपासून चाकणपर्यंत हजारो कारखाने आहेत ज्यांना बारीक नळी, स्वच्छ खोली, मोजमाप आणि पुन्हा पुन्हा तसाच माल काढणं म्हणजे काय हे कळतं. ही सगळी माणसं तासा-दोन तासांच्या अंतरावर बसतात. एका टेबलावर बसलेली मला दिसली नाहीत.

कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक नफ्याच्या वरच्या कंपन्यांना दोन टक्के सीएसआरला द्यावे लागतात. त्यातून डायलिसिस मशीन येतात, चांगलंच आहे, देणाऱ्यांचे आभार. पण त्याच कायद्याच्या यादीत सरकारी संशोधन संस्थांच्या कामाला पैसे द्यायचीही सोय आहे. मशीनवर लोगो चिकटवता येतो, शिरेवर येत नाही, म्हणून तिकडे पैसा वळत नसावा असं मला वाटतं. आमच्या चाकणच्या असोसिएशनवाल्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर पुढच्या बैठकीत एवढा एक मुद्दा काढा.

आता सावधगिरीचं. "रक्तातल्या स्टेम सेल" हे शब्द कानावर पडले की बाजार मागोमाग येतो. पायाला गँगरीन झालेल्या शुगरच्या पेशंटला लाखाचं पॅकेज सांगणारे भेटतात. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वच्छ लिहिलंय की मंजूर झालेल्या उपचारांपलीकडे स्टेम सेल द्यायच्या असतील तर त्या मंजूर चाचणीतच द्यायच्या. चाचणीत भाग घेण्यासाठी रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घेत नाहीत. म्हणजे परीक्षा सोपी आहे. चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा. पैसे मागितले तर उठून या. बाळाच्या नाळेचं रक्त खासगी बँकेत ठेवा म्हणणारेही हाच धागा पकडतात, कारण अस्तराच्या पेशी नाळेच्या रक्तात जास्त असतात हे खरं आहे. पण स्वतःच्या पुढच्या वापरासाठी ते खासगीत साठवून ठेवायची शिफारस आयसीएमआर करत नाही. हप्ते भरायच्या आधी हे माहीत असू द्या.

दादाला मी हे सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "म्हणजे माझ्या वेळेला येत नाही ते." मी म्हटलं, बहुतेक नाही येणार. खोटं कशाला सांगू? लेथवर मायक्रॉन पकडणारा माणूस आहे, त्याला गोलमाल उत्तर चालत नाही. मग तोच म्हणाला, "मग ज्यांच्या शिरा अजून शाबूत आहेत त्यांना सांग ना."

म्हणून हे खालचं. सगळं नेफ्रॉलॉजिस्ट सांगतात तेच आहे, पण गर्दीच्या ओपीडीत ते ऐकायचं राहून जातं.

घरात कोणाचं क्रिएटिनिन वाढत चाललं असेल तर आजपासून त्याच्या एका हाताच्या, शक्यतो ज्या हाताने तो लिहीत नाही त्या हाताच्या, शिरा राखून ठेवा. रक्त काढायचं असेल, सलाइन लावायचं असेल तर पंजाच्या मागच्या बाजूची शीर वापरा म्हणून सांगा. नर्सताई रागावणार नाहीत, कारण सांगितलं की त्यांना लगेच कळतं. हातावर स्केच पेनने "सुई नको" लिहिलं तरी चालतं.

डायलिसिस लागायच्या काही महिने आधीच फिस्टुलाबद्दल विचारा. तो फुलायला सहा आठवडे ते तीन महिने लागतात. ऐनवेळी केला तर मधला काळ मानेच्या कॅथेटरवर काढावा लागतो.

फिस्टुला असेल तर रोज सकाळी त्यावर बोटं ठेवा. मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागली पाहिजे. थरथर मंदावली किंवा थांबली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, उद्यावर ढकलू नका. गोठलेली वाट लवकर गेलात तर पुष्कळदा उघडता येते. त्या हाताला बीपीचा पट्टा नको, घट्ट बांगडी-घड्याळ नको, त्या हातावर डोकं ठेवून झोपू नका.

आणि महापालिकेकडे एक मागणी. केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ ला आला, महात्मा फुले योजना आहे, त्यामुळे मशीनपर्यंत पोहोचणं गरिबालाही शक्य झालं, हे मोठं काम आहे. आता पुढची पायरी. पालिकेच्या दर डायलिसिस सेंटरमध्ये महिन्यातून एकदा प्रत्येक पेशंटच्या फिस्टुलाची तपासणी व्हावी, डॉपलर मशीन आणि रक्तवाहिन्यांचा सर्जन ठरलेल्या दिवशी हजर असावा. वर्षाच्या शेवटी किती मशीन चालू आहेत यासोबत किती फिस्टुला चालू राहिले आणि किती जण कॅथेटरवर आहेत हाही आकडा जाहीर व्हावा. मोजलं की सुधारतं, हे या गावाला तरी नव्याने शिकवायची गरज नाही. इथल्या प्रत्येक शॉपच्या भिंतीवर रिजेक्शनचा तक्ता लावलेला असतो.

नगरसेवक, डॉक्टर, युनियनवाले, ज्यांना टॅग करता येईल त्यांना करा. माझं नाव ठेवलं नाही तरी चालेल, "सुई नको" वाला भाग तेवढा कॉपी करून आपापल्या ग्रुपवर टाका. आणि कोणाच्या सेंटरमध्ये अशी महिन्याची तपासणी आधीपासून होत असेल तर कमेंटमध्ये लिहा. कशी बसवली, कोणी बसवली ते कळलं तर बाकीच्यांना मागायला सोपं जाईल.